अपप्रेरणा म्हणजे नक्की काय? (शब्द, कायदा आणि आमच्या नानांची भानगड)

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, एका शब्दानं आठवडाभर डोकं खाल्लंय म्हणून धागा काढतोय.

आमचं गाव यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. गेल्या महिन्यात गावातल्या एकाची उभी बाग रात्रीतून कापली. माल पंधरा-वीस दिवसांत निघायचा होता. सकाळी जाऊन पाहिलं तर घडासकट झाडं आडवी, खोडांतून चीक गळतोय, आणि बागवाला बांधावर नुसता बसलेला, एक शब्द बोलत नव्हता. दोन पोरं पकडली. बांधाचा जुना वाद. त्यातल्या एकानं पोलिसांना सांगितलं की "नानांनी सांगितलं होतं."

नाना म्हणजे आमचे चुलत काका, वय ७१, गुडघ्यांमुळं शेतातही जात नाहीत. त्यांना बोलावलं, जबाब घेतला, घरी सोडलं. पण गुन्ह्यात नाव आलं. एफआयआरची नक्कल त्यांनी माझ्यापुढं टाकली, म्हणाले, वाच. मी वाचलं : भारतीय न्याय संहिता, कलम ३२४ (मालमत्तेचं नुकसान), सोबत ४९, आणि खाली 'अपप्रेरणा'. नानांनी चष्मा काढला आणि विचारलं, "प्रेरणा म्हणजे चांगलीच असते ना? शाळेच्या बक्षीस समारंभात पोरं म्हणतात, सरांकडून प्रेरणा मिळाली. मग मी काय वाईट केलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

नानांनी म्हटलं तरी काय होतं? पारावर तो पोरगा रोज रडगाणं गायचा, त्यानं बांध कोरला, त्यानं पाणी अडवलं. एका संध्याकाळी नाना वैतागून आमच्या लेवा बोलीत म्हणाले, "कापून टाक ना मंग, तुले कोन धरते?" बस्. पुढं चहा आला, विषय बदलला.

तर हा शब्द आला कुठून, आणि असल्या एका वाक्यावर माणूस आरोपी होतो का, हे जाणकारांनी सांगावं.

भुसावळचा_अण्णा

आमच्या भुसावळात अप आणि डाउन एवढंच कळतं. ही अप प्रेरणा कोणत्या फलाटावर येते?

शब्दवेडी

अण्णा, फलाट चुकलाय पण गाडी बरोबर पकडलीत, कारण सगळी गंमत त्या 'अप'मध्येच आहे.

'प्रेरणा'त ईर् धातू आहे, अर्थ हलवणं, चालना देणं. प्र + ईर् म्हणजे पुढं ढकलणं. त्यात चांगलं-वाईट काहीच नाही. दगड ढकलला तरी प्रेरणा, पोराला अभ्यासाला बसवलं तरी प्रेरणा. चांगुलपणा आपण सत्कार-समारंभांतून त्याला चिकटवला. मग वाईट कामाला ढकलण्यासाठी वेगळा शब्द हवा, म्हणून पुढं 'अप' लागला. अपमान, अपकीर्ती, अपहार, अपशब्द यांतला तोच. हिंदीवाल्यांनी त्याच जागी 'दुष्प्रेरण' घेतलं. आपल्याकडं अपप्रेरणा आणि ती करणारा अपप्रेरक. नानांना सांगा, पोलिसांनी पुरस्कार दिलेला नाही.

आता हा शब्द ज्याच्यासाठी घडवला तो मूळचा इंग्रजी शब्द म्हणजे ॲबेट. त्याची कुळकथा तर फारच रसाळ. तो जुन्या फ्रेंचमधल्या 'अबेते'वरून आला, आणि तो पुन्हा जुन्या नॉर्समधल्या 'बेइता'वरून. बेइता म्हणजे चावायला लावणं. नॉर्समध्ये 'बीता' म्हणजे चावणं, आणि त्याचं प्रयोजक रूप 'बेइता', म्हणजे आपल्या करणं-करवणं सारखं चावणं-चाववणं! मध्ययुगीन युरोपात अस्वलाला खुंटाला बांधायचे आणि त्याच्यावर शिकारी कुत्री सोडायचे, लोक भोवती उभे राहून ओरडायचे. कुत्र्याला असं अंगावर घालणं हा ॲबेटचा पहिला अर्थ. माणसांबद्दल तो नंतर वापरला जाऊ लागला. इंग्लंडात हा अस्वलांचा खेळ कायद्यानं बंद झाला १८३५ मध्ये. आणि ज्या भारतीय दंड संहितेत या शब्दाला अख्खं प्रकरण मिळालं तिचा मेकॉलेच्या विधी आयोगानं केलेला मसुदा १८३७ चा. योगायोगच, पण मला तो आवडला.

आणखी एक. चावणं या अर्थाच्या त्या युरोपीय शब्दांचं मूळ आणि आपल्या संस्कृत 'भिद्' धातूचं मूळ एकच मानतात. भिद्, भेद. म्हणजे साम-दाम-दंड-भेद मधला भेद आणि साहेबाचा ॲबेट हे लांबचे भाऊबंद.

शिरपूरची_भाकर

ताई, म्हणजे हे सरळसरळ 'छू करणं' झालं की!

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्याकडं मोत्या नावाचा कुत्रा होता. गल्लीतून भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन बोहारीण चालली होती. मी ओट्यावरून बारीक आवाजात 'छूऽऽ' केलं. मोत्या सुटला, बाईची पाटी पडली, स्टीलचे डबे गल्लीभर. कुत्रा चावला नाही, पण तिचं लुगडं फाटलं. आजोबा बाहेर आले. मला वाटलं मोत्याला मारतील. त्यांनी मोत्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गल्लीतल्या सगळ्या पोरांकडं बघून एकच विचारलं, "छू कोन्ही करं?"

मार मी खाल्ला. लुगड्याचे पैसे आजोबांनी दिले. सांगायचं म्हणजे आमच्या आजोबांना कलम ठाऊक नव्हतं पण तपासाची दिशा बरोबर होती.

भुसावळचा_अण्णा

कुत्र्यावर गुन्हा होत नाही, पोरावर होतो. इथं केळी कापणारे कुत्रे नव्हते ना भाऊ. त्यांना अक्कल होती, विळा त्यांच्याच हातात होता. मग नाना कशाला?

धुळेकर_वकील

अण्णांचा प्रश्न चांगला आहे, त्यावरूनच सुरुवात करतो. (नानांच्या प्रकरणाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळं हे सर्वसाधारण. त्यांनी स्वतःचा वकील गाठावाच.)

जुनी भारतीय दंड संहिता १८६० ची, अंमलात आली १ जानेवारी १८६२ ला. तिचं पाचवं प्रकरण, कलम १०७ ते १२०, हे फक्त अपप्रेरणेचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात १०७ चं झालं ४५ आणि १०९ चं झालं ४९. गाभा तोच आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'दुय्यम दर्जाचा मुख्य आरोपी', 'गुन्ह्याआधीचा साथीदार' अशा पायऱ्या होत्या. इथल्या संहितेनं ती सगळी उतरंड मोडली आणि एकच शब्द ठेवला.

अपप्रेरणा तीन वाटांनी होते. चिथावणी देऊन, कट करून त्यानुसार काही कृत्य किंवा बेकायदा कामचुकारी घडली तर, आणि जाणूनबुजून मदत करून. मदतीतही 'न करणं' येतं, पण जे करणं तुमच्यावर कायद्यानं बंधनकारक होतं तेच. गोदामाच्या रखवालदारानं ठरवून कुलूप उघडं ठेवलं तर अपप्रेरणा. शेजाऱ्यानं चोर पाहून पांघरूण डोक्यावर ओढलं तर ती नाही, भित्रेपणा म्हणा हवं तर.

आता अण्णा, कुत्रा आणि माणूस. संहितेनं दोन्ही बाजू बांधून टाकल्यात. करणारा अजाण असला, म्हणजे सात वर्षांखालचं पोर किंवा वेडसर माणूस, तर त्याला शिक्षा नाही पण लावणारा सुटत नाही. करणाऱ्याला फसवलं असेल तरी तसंच. समजा मी सालदाराला सांगितलं, त्या विहिरीवरची मोटार आपलीच आहे, काढून आण. त्यानं भोळेपणानं आणली. तो चोर नाही, मी मात्र चोरीचा अपप्रेरक. आणि करणारा पूर्ण शहाणा असेल, जसं इथं, तर दोघंही आरोपी. एकाच्या गुन्ह्यानं दुसऱ्याचा धुतला जात नाही. कलम ४९ म्हणतं, चिथावणीमुळं गुन्हा घडला आणि वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. नुकसान एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ३२४ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, तीच अपप्रेरकालाही लागू.

गुन्हा घडलाच पाहिजे असंही नाही. मी एखाद्या सरकारी माणसापुढं पाकीट सरकवलं आणि त्यानं ते परत माझ्या अंगावर टाकलं, तरी माझ्या बाजूनं अपप्रेरणा पूर्ण झाली. १८६० च्या संहितेत हेच उदाहरण दिलेलं होतं.

पण (इथं नानांनी कान द्यावा) चिथावणी म्हणजे तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द नव्हे. त्यामागं तो गुन्हा घडावा हा हेतू लागतो आणि त्या बोलण्याचा आणि कृत्याचा धागा जुळावा लागतो. एका जुन्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं छान उदाहरण दिलंय : एखाद्यानं मित्राला सहज घरी बोलावलं आणि त्यामुळं मारेकऱ्याचं काम सोपं झालं, म्हणून बोलावणारा अपप्रेरक होत नाही. खून सोपा व्हावा म्हणून बोलावलं असेल तरच.

तापीकाठ

वकीलसाहेब, म्हणजे 'कापून टाक ना मंग' हे वैतागून म्हटलं की ठरवून म्हटलं, यावर सगळं आलं?

धुळेकर_वकील

बरंचसं. आणि त्या पोरानं पोलिसांपुढं घेतलेलं नाव एवढाच पुरावा असेल तर तो पायाच कच्चा आहे. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, नव्या साक्ष अधिनियमाचं कलम २३. त्यांना दुसरा साक्षीदार लागेल, पारावरचा. शिवाय त्यानंतर नानांनी विळा दिला का, पैसे दिले का, रात्री सोबत गेले का, हे पाहतील. सोबत हजर असते तर कलम ५४ नं त्यांनीच कापल्यासारखं धरलं असतं. गुडघे दुखतात हे बरंच झालं म्हणायचं.

चोपड्याची_लेक

वर्तमानपत्रात रोज वाचतो, 'आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा'. ते पण हेच का? आणि तिथं 'प्रवृत्त' का म्हणतात?

धुळेकर_वकील

हो ताई, तेच. जुनं ३०६, आता १०८, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. बातमीत 'अपप्रेरणा' लिहिलं तर निम्मे वाचक नानांसारखे अडतील, म्हणून 'प्रवृत्त'. पण त्यानं घोटाळा होतो. प्रवृत्त माणूस परिस्थितीनंही होतो, कर्जानं होतो, आजारानं होतो. कायद्याला लागते ती कुणीतरी जाणून केलेली चिथावणी किंवा मदत. २००२ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात भांडणात एकानं दुसऱ्याला 'जा, मर' म्हटलं होतं. दोन दिवसांनी त्या माणसानं जीव दिला. सर्वोच्च न्यायालयानं खटला रद्द केला : रागात निघालेला शब्द, मध्ये दोन दिवस गेलेले, याला चिथावणी म्हणता येणार नाही. याउलट लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं जीव दिला आणि सासरी छळ झाल्याचं सिद्ध झालं तर न्यायालय अपप्रेरणा गृहीत धरू शकतं. ती तरतूद १९८३ मध्ये आली, आणि का आली हे खानदेशात कुणाला सांगायला नको.

शब्दवेडी

चिथावणीवरून आठवलं. इंग्रजीतला 'इन्स्टिगेट' हा लॅटिनमधला, त्याचं मूळ टोचणं. तेही आपल्या 'तिज्' धातूशी जुळतं, ज्यावरून तीक्ष्ण, तेज. म्हणजे चिथावणी म्हणजे बैलाला पराणीची आर टोचणं.

मराठीत या एका कामासाठी किती शब्द आहेत बघा. काडी लावणं, कान भरणं, फूस लावणं, भरीस घालणं, कळ लावणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं. आणि प्रत्येकाची छटा वेगळी. कान भरणाऱ्याला वेळ लागतो, काडीवाल्याचं काम क्षणात होतं. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा तर कौतुकच करत असतो.

शिरपूरची_भाकर

अहिराणीत आमच्याकडं म्हणतात, "काडी लाई दिनी अन् वट्टावर बसी तमाशा देखस." काडी लावून दिली आणि ओट्यावर बसून तमाशा बघतोय. तो ओटा महत्त्वाचा. काडी लावणारा कधीच जाळाजवळ नसतो.

मास्तर_अमळनेर

उशिरा आलो. निवृत्त संस्कृत शिक्षक असल्यामुळं दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली व्याकरणातली. पाणिनीनं एका सूत्रात सांगितलं, स्वतंत्र तो कर्ता. लगेच पुढचं सूत्र, 'तत्प्रयोजको हेतुश्च'. त्या कर्त्याला जो कामाला लावतो त्याला हेतू म्हणावं, आणि 'च' मुळं कर्ताही म्हणावं. तो एक 'च' म्हणजे कलम ४९ आहे.

दुसरी धर्मशास्त्रातली. आपस्तंब धर्मसूत्रात आहे, 'प्रयोजयिता मन्ता कर्तेति स्वर्गनरकफलेषु कर्मसु भागिनः'. करायला लावणारा, संमती देणारा आणि करणारा, तिघंही फळाचे वाटेकरी. पुढं असंही म्हटलंय की ज्याचा हातभार जास्त त्याला फळ जास्त.

याज्ञवल्क्य तर आणखी पुढं जातो. साहसाच्या, म्हणजे बळजोरीच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात तो म्हणतो, जो साहस करवतो त्याला दुप्पट दंड. आणि जो 'मी पैसे देतो' असं सांगून करवतो त्याला चौपट. कर्त्यापेक्षा करवणाऱ्याला जास्त! 'तू फक्त कर, दंड मी भरतो, वकील मी लावतो' असं सांगणारे पुढारी तेव्हाही असणार, त्याशिवाय असा श्लोक सुचत नाही.

नंदुरबारी_मिरची

मास्तर, मग एक तिखट प्रश्न. अर्जुन धनुष्य टाकून बसला होता. त्याला उठवून लढायला लावलं ते काय? प्रेरणा की अप?

मास्तर_अमळनेर

वाटच पाहत होतो कुणी विचारेल याची! १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरवून घेतला, तीच गीता प्रवचनं. बसलेले सगळे सरकारच्या दृष्टीनं गुन्हेगार, आणि विषय काय, तर एका माणसाला लढायला उठवणं. तुरुंगाधिकाऱ्याला कोणतं कलम आठवलं असेल कोण जाणे.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : 'अप' लागतो की नाही हे ज्या कामाला लावलं त्या कामावरून ठरतं, लावण्यावरून नाही. संहितेतही तसंच. जे कृत्य गुन्हा नाही त्याला कितीही चिथावलं तरी अपप्रेरणेचा गुन्हा होत नाही. भरीत-पार्टीला चला म्हणून कितीही आग्रह करा.

नंदुरबारी_मिरची

पटलं नाही पूर्ण, पण भरीत पार्टी पटली.

जळगावचा_मयूर

माझा प्रश्न आजच्या काळातला. गावच्या व्हॉट्सॲप गटात कुणी लिहिलं, 'याची बाग कापली पाहिजे'. मी नुसता अंगठा दिला. मास्तरांच्या आपस्तंबानुसार मी 'मन्ता' झालो. वकीलसाहेबांनुसार?

धुळेकर_वकील

मयूर, आपस्तंबाच्या कोर्टात तू अडकशील. संहितेच्या कोर्टात नुसतं मनातून किंवा मागाहून 'बरं झालं' वाटणं म्हणजे अपप्रेरणा नाही. पण अंगठा कधी दिलास हे बघतील. घटनेनंतर दिला तर तो फार तर वाईट स्वभाव. घटनेआधी, समोरचा 'करू का' विचारत असताना दिला, तर मी तुझा वकील म्हणून काय बोलायचं याचा विचार आजपासून सुरू करीन. संहितेत दहापेक्षा जास्त लोकांना एकत्र चिथावण्याचं वेगळं कलम आहे, आताचं ५७. ते लिहिणाऱ्यानं बघावं. १८६० मध्ये जत्रा आणि बाजार डोळ्यांपुढं असतील, आता गटात अडीचशे माणसं असतात.

भुसावळचा_अण्णा

मी सगळ्या गटांतून बाहेर पडतोय. फक्त शेवभाजीचा ठेवतो.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. शब्दवेडी ताईंचं कुत्र्याचं आणि मास्तरांचं चौपट दंडाचं मी नानांना वाचून दाखवलं. चौपट ऐकून म्हणाले, "मी कुठं पैसे देतो म्हटलं होतं?" म्हणजे समजलंय त्यांना.

काल त्यांना घेऊन यावलला वकिलाकडं गेलो होतो. वकिलांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, त्या संध्याकाळी पारावर कोण कोण होतं? नानांनी बोटं मोजली, अकरा जण. नावं लिहून दिली. आज सकाळी मी एकेकाकडं जाऊन आलो. बागवाल्याच्या बाजूनंही नाही आणि नानांच्या बाजूनंही नाही, जे ऐकलं तेवढंच सांगा म्हटलं. अकरापैकी दहा जण म्हणाले, आम्ही तेव्हा उठून गेलो होतो. अकरावा चहावाला. तो म्हणतो, मी दूध उतू जातंय का ते बघत होतो.